पिळासह डिरॅक ऑपरेटर: आयगेनमूल्यांची खालची मर्यादा हाताने काढायला शिका

डिफरन्शियल जॉमेट्रीचा एक कोर्स झालेला असतो, स्पिनर म्हणजे काय याची तोंडओळख झालेली असते. मग कुणीतरी 'टॉर्शन (म्हणजे पीळ) असलेल्या कनेक्शनचा डिरॅक ऑपरेटर' या विषयावरचा शोधनिबंध हातात देतं आणि गाडी पहिल्याच पानावर अडते. एक-चतुर्थांश कुठून आला, एक-तृतीयांश कशासाठी, टॉर्शनच्या लांबीत सहाने भागायचं की नाही, काहीच सांगितलेलं नसतं. मी या पानावर चांगले दोन महिने काढले. शेवटी मोठं प्रमेय बाजूला ठेवलं, त्रिमितीय गोल घेतला, सगळे आकडे हाताने काढले आणि तेव्हा विषय उलगडला. इथे त्याच वाटेने जाऊ. कागद-पेन घेऊन बसा, कारण हा विषय नुसता वाचून डोक्यात शिरत नाही.

आधी प्रश्न काय ते सांगतो. कॉम्पॅक्ट मॅनिफोल्डवर डिरॅक ऑपरेटरची (स्पिनरांवर चालणारा पहिल्या दर्जाचा डिफरन्शियल ऑपरेटर) आयगेनमूल्यं सुटी-सुटी असतात. ती सगळी नेमकी सापडतील अशा जागा मोजक्याच: गोल, सपाट टोरस, काही समजातीय अवकाश (होमोजिनियस स्पेस). बाकी ठिकाणी समीकरण सुटत नाही. म्हणून विचारायचं ते एवढंच, की समीकरण न सोडवता, फक्त वक्रता आणि पीळ पाहून, आयगेनमूल्य शून्याच्या किती जवळ येऊ शकतं हे सांगता येईल का?

सुरुवातीला: चिन्हं ठरवून घ्या

या विषयातल्या निम्म्या चुका चिन्हांच्या असतात, म्हणून हे काम आधी उरका. मिती न. अदिश वक्रता स. मर्यादेच्या सूत्रात ती आली की तिची मॅनिफोल्डवरची किमान किंमत घ्यायची. लंबएकक (ऑर्थोनॉर्मल) चौकट इ१, इ२, … अशी. क्लिफर्ड गुणाकारात प्रत्येक इ चा वर्ग −१, आणि दोन वेगळ्या इ ची अदलाबदल केली की चिन्ह उलटतं. काही पुस्तकं वर्ग +१ घेतात. तशा पुस्तकातलं सूत्र उचलून या सूत्रांत मिसळलंत तर उत्तर चुकणारच.

स्पिन स्ट्रक्चर अस्तित्वात आहे हे सध्या मान्य करा. त्याची सिद्धता महत्त्वाची आहे, पण आजच्या कामाला ती लागत नाही.

पायरी १: पीळ नसतानाचा हिशोब पक्का करा

साधा डिरॅक ऑपरेटर ड. त्याचा वर्ग केला की

ड² = ल + स/४

इथे ल हा स्पिनरांवरचा लाप्लासियन, म्हणजे कनेक्शनच्या डेरिव्हेटिव्हला त्याच्या अॅडजॉइंटने गुणून मिळणारा. हे सूत्र श्रोडिंगरने १९३२ मध्ये लिहिलं होतं. लिक्नेरोविचने १९६३ मध्ये ते पुन्हा काढलं आणि त्यातून भूमितीचा निष्कर्ष ओढला: वक्रता सगळीकडे धन असेल तर शून्य आयगेनमूल्य असूच शकत नाही. ल कधी ऋण होत नाही, तो फेकून दिला की आयगेनमूल्याचा वर्ग किमान स/४ हे उरतं.

पण ल पूर्ण फेकणं म्हणजे उधळपट्टी आहे. १९८० मध्ये थॉमस फ्रीडरिख यांनी दाखवलं की त्यातला एक हिस्सा वाचवता येतो. स्पिनरचे न दिशांतले डेरिव्हेटिव्ह घ्या. डिरॅक ऑपरेटर त्यांची क्लिफर्ड बेरीज करतो, म्हणजे प्रत्येकाला त्या-त्या इ ने गुणून मिळवतो. कोशी-श्वार्त्झ असमानतेने सगळ्या डेरिव्हेटिव्हच्या लांबींच्या वर्गांची बेरीज ही ड लावलेल्या स्पिनरच्या लांबीच्या वर्गाच्या किमान १/न पट असते. आयगेनमूल्याच्या वर्गाला क म्हणा, मग

क ≥ क/न + स/४, म्हणजेच क ≥ न·स / ४(न−१)

सिद्धता म्हणून एवढंच पुरतं. त्रिज्येच्या भानगडीत पडायला नको म्हणून एकक त्रिज्येचा गोल घेऊन तपासा. तिथे स = न(न−१), म्हणून मर्यादा न²/४. गोलावरची खरी आयगेनमूल्यं ±(न/२ + ज), ज = ०, १, २…; सर्वांत लहान बरोबर न/२. मर्यादा अगदी टेकते. ती टेकते तेव्हाचे स्पिनर 'किलिंग स्पिनर' असतात: व या दिशेतला त्यांचा डेरिव्हेटिव्ह म्हणजे व ने क्लिफर्ड गुणून एका स्थिरांकाने गुणलेला तोच स्पिनर. असा शून्य नसलेला स्पिनर असेल तर मॅनिफोल्ड आइन्स्टाइन असतं. कुठल्या मॅनिफोल्डवर ते असतात याची यादी क्रिस्टियान बेअर यांनी १९९३ मध्ये मॅनिफोल्डवर शंकू उभा करून मिळवली. ती वाट फार देखणी आहे, पण आपल्याला इथून वळायचं आहे.

पायरी २: पीळ आणा, पण सगळा नको

टॉर्शनला मराठीत पीळ म्हटलं की निम्मं काम होतं. लेव्ही-चिविता कनेक्शन (पीळ नसलेलं नेहमीचं कनेक्शन) सदिश नेताना त्याला वळवतं ते फक्त वक्रतेपायी. पीळ असलेलं कनेक्शन सदिशाला जाता-जाता जादा फिरकी देतं. लांबी आणि कोन दोन्हीत अबाधित राहतात.

मेट्रिक जपणाऱ्या कनेक्शनांचा पीळ तीन प्रकारांत मोडतो, ही वर्गवारी कार्तानची. आपण एकच प्रकार घेणार: पूर्ण प्रतिसममित, म्हणजे ज्याचं थ्री-फॉर्म बनतं. त्याला ट म्हणू. कारणं दोन. पहिलं, अशा पिळाने जिओडेसिक बदलत नाहीत. वाटा त्याच राहतात, फक्त त्यांवरून जाताना बाजूचे सदिश फिरतात. दुसरं, पिळाचा सदिश प्रकार मिसळला तर डिरॅक ऑपरेटर स्वसंलग्न (सेल्फ-अॅडजॉइंट) राहत नाही (फ्रीडरिख आणि झुलांके, १९७९) आणि मग 'खालची मर्यादा' या शब्दांनाच अर्थ राहत नाही.

कनेक्शन असं: सदिशांवर लेव्ही-चिवितामध्ये ट/२ मिळवा. स्पिनरांवर त्याचं रूप होतं, व दिशेतला जुना डेरिव्हेटिव्ह अधिक (१/४)(ट मध्ये व भरून उरलेला टू-फॉर्म) क्लिफर्ड गुणिले स्पिनर. हा एक-चतुर्थांश म्हणजे ट/२ मधला अर्धा आणि सदिशावरून स्पिनरवर जाताना येणारा दुसरा अर्धा. मला वाटायचं की यामागे काही खोल भानगड असेल. तसं काही नाही.

द्विमितीय पृष्ठावर यातलं काहीच घडत नाही, कारण तिथे थ्री-फॉर्म नसतोच. हा पीळ सुरू होतो तीन मितींपासून.

पायरी ३: एक-तृतीयांशाचं कोडं

नव्या कनेक्शनचा डिरॅक ऑपरेटर काढा. प्रत्येक इ ने गुणून बेरीज घेताना थ्री-फॉर्ममधलं प्रत्येक पद तीनदा मोजलं जातं, म्हणून मिळतं ड + ३ट/४. साहजिकच वाटतं की याचाच वर्ग करावा. करून पाहा. वर्गात पहिल्या दर्जाचं एक चिवट पद उरतं, ते ना लाप्लासियनमध्ये मावतं ना वक्रतेत.

तोडगा असा: डिरॅक ऑपरेटरसाठी पीळ एक-तृतीयांश घ्या, आणि लाप्लासियन मात्र पूर्ण पिळाचाच ठेवा. म्हणजे

घ = ड + ट/४

याला घन डिरॅक ऑपरेटर म्हणतात, कारण ट हा क्लिफर्ड बीजगणितात तिसऱ्या घाताचा घटक आहे. आता वर्ग नीट सुटतो. एकदाच सर्वसाधारण रूपात लिहून ठेवू, म्हणजे पायरी ६ मध्ये तेच कामी येईल. पीळ ट ऐवजी र·ट घेतला, त्याच्या लाप्लासियनला ल(र) म्हटलं, तर

(ड + र·ट/४)² = ल(र) + (र/४)·∂ट + स/४ − (र²/८)·‖ट‖²

∂ट म्हणजे ट चं बाह्य विकलन. ‖ट‖² म्हणजे चढत्या क्रमातल्या तिकड्यांवरच्या घटकांच्या वर्गांची बेरीज: इ१इ२इ३ हा घटक एकदाच मोजायचा, सहा क्रमांनी सहा वेळा नाही. मी तो सहा वेळा मोजला होता. तीन दिवस माझी 'मर्यादा' खऱ्या आयगेनमूल्याच्या वर निघत होती आणि मी प्रमेयातच चूक शोधत बसलो होतो.

हा प्रकार सर्वांत ठळकपणे पुढे आला तो बिस्मुटच्या १९८९ च्या कामात, केलर नसलेल्या कॉम्प्लेक्स मॅनिफोल्डांवरच्या इंडेक्स प्रमेयासाठी. भौतिकीतही तोच पीळ येतो. हेटरॉटिक स्ट्रिंगच्या समीकरणांत स्ट्रॉमिंजरने तो १९८६ मध्ये आणला.

पायरी ४: त्रिमितीय गोलावर सगळं हाताने करा

ही पायरी टाळू नका. बाकी सगळ्या विसरलात तरी चालतील.

एकक त्रिज्येचा त्रिमितीय गोल घ्या. म्हणजेच लांबी १ असलेल्या क्वाटर्नियनांचा गट. न = ३, स = ६. तीन मितींत थ्री-फॉर्म एकाच प्रकारचा असतो, म्हणून ट = प·इ१इ२इ३. प म्हणजे पिळाचं माप. आपण प शून्य किंवा धन घेऊ.

स्पिनर दोन घटकांचे. इ१, इ२, इ३ साठी तिन्ही पाउली मॅट्रिक्स −१ च्या वर्गमुळाने गुणून घ्या. वर्ग −१ येतात का पाहा. मग तिन्हींचा गुणाकार करा. उत्तर येतं एकक मॅट्रिक्स. म्हणजे ट हा स्पिनरांवर नुसता प या संख्येने गुणतो. सगळं गूढ एका आकड्यावर आलं:

घ = ड + प/४

ड ची आयगेनमूल्यं माहीत आहेत: ±३/२, ±५/२, ±७/२ … (प्रत्येक चिन्हाला (ज+१)(ज+२) वेळा). प्रत्येकात प/४ मिळवला की घ ची पूर्ण यादी तयार. प फार मोठा नसेल तोवर शून्याच्या सर्वांत जवळचं मूल्य −३/२ + प/४. त्याचा वर्ग म्हणजे आपला खरा क:

क = (३/२ − प/४)²

आता प = २ ला काय होतं ते पाहा. वरच्या मॅट्रिक्सांवरून इ२इ३ = −इ१ निघतं, बाकीच्या जोड्या चक्राकार क्रमाने. म्हणून पिळाच्या कनेक्शनमध्ये व दिशेतला डेरिव्हेटिव्ह होतो: जुना डेरिव्हेटिव्ह वजा (प/४) गुणिले व गुणिले स्पिनर. गोलावर ½ स्थिरांकाचे किलिंग स्पिनर आहेतच. प/४ = १/२ झालं की ते नव्या कनेक्शनसाठी समांतर होतात, आणि ते दोन असल्याने सगळा स्पिनर बंडल समांतर स्पिनरांनी भरतो. म्हणजे कनेक्शनची वक्रताच शून्य! हेच कार्तान आणि स्खाउटेन यांचं १९२६ चं कनेक्शन: ग्रुपवरच्या डाव्या किंवा उजव्या सरकवण्याने सदिश नेणारं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे वक्रता पार जळून गेली आहे आणि पीळ २ तसाच उभा आहे.

एक-तृतीयांशाचं कोडंही इथे सुटतं. पूर्ण पिळाचा ऑपरेटर ड + ३प/४; प = २ असताना ड + ३/२. त्याचं एक आयगेनमूल्य −३/२ + ३/२ = ०. असायलाच हवं, समांतर स्पिनरला कुठलाही डेरिव्हेटिव्ह शून्यच करणार. म्हणजे पूर्ण पिळाच्या ऑपरेटरला इतक्या छान, गोल, धन वक्रतेच्या जागेवरही शून्याच्या वरची मर्यादा मिळणं अशक्य. एक-तृतीयांशाच्या घ साठी मात्र मूल्य −३/२ + १/२ = −१, आणि क = १. शून्यापासून दूर. वर्ग सुटतो म्हणून एक-तृतीयांश घ्यायचा, हे खरंच. पण भूमितीच्या दृष्टीनेही हाच ऑपरेटर विचारण्याजोगा आहे हे मला या एका बेरजेने पटलं.

पायरी ५: सरसकट मर्यादा

पुढे एक गृहीतक लागतं: पीळ त्याच्याच कनेक्शनसाठी समांतर असावा. ऐकायला कडक वाटतं, पण ज्या जागांसाठी ही गणितं उभी राहिली तिथे ते पाळलं जातं: नैसर्गिक रिडक्टिव्ह समजातीय अवकाश, सासाकी मॅनिफोल्ड, सहा मितींतली निअरली केलर, सात मितींतली निअरली पॅरलल जी-टू.

या गृहीतकाने दोन फायदे होतात. एक, ∂ट = ‖ट‖² − ट², जिथे ट² म्हणजे क्लिफर्ड वर्ग. दोन, घ² आणि ट अदलाबदल करतात, म्हणून घ² चा आयगेनस्पिनर ट चाही आयगेनस्पिनर घेता येतो. र = १ घेऊन पायरी ३ च्या सूत्रात टाका:

घ² = ल(१) + स/४ + ‖ट‖²/८ − ट²/४

ल(१) फेका. ट च्या आयगेनमूल्यांना म म्हटलं तर

क ≥ स/४ + ‖ट‖²/८ − (१/४)·(म² ची कमाल किंमत)

इल्का अग्रिकोला, फ्रीडरिख आणि मारिओ कासुबा यांनी २००८ मध्ये याला सरसकट लागू होणारी मर्यादा म्हणून मांडलं. क हे घ² चं आयगेनमूल्य आहे, घ चं नाही, हे लक्षात असू द्या. पायरी १ मध्येही आपण वर्गालाच क म्हटलं होतं.

गोलावर लावा: ६/४ + प²/८ − प²/४ = ३/२ − प²/८. प = २ ला १. खरं मूल्यही १. टेकली! प = १ ला मर्यादा १.३७५, खरं १.५६२५. प = ० ला मर्यादा १.५, खरं २.२५. खऱ्यातून मर्यादा वजा करा, बरोबर (३/१६)(प−२)² उरतं. स्वतः करून बघा, दोन ओळींचं काम आहे. फेकलेल्या ल(१) ची ती किंमत आहे, आणि समांतर स्पिनर असतो तिथेच ती शून्य होते. प = ६ ला खरं मूल्य शून्यावर येतं आणि मर्यादा −३; पीळ जास्त झाला की मर्यादा काहीच सांगत नाही, ती चूक नसते.

पायरी ६: फेकताना हात आखडा

प = ० ला फ्रीडरिखची मर्यादा २.२५ देते आणि सरसकट मर्यादा १.५ वर अडकते. म्हणजे पायरी १ मधली काटकसर इथेही करायला हवी. अडचण अशी, की काटकसर करताना जो डिरॅक ऑपरेटर येतो तो ल च्या कनेक्शनचा पूर्ण पिळाचा, आणि आपल्याला हवा घ.

यावर २०१३ मध्ये अग्रिकोला, यूलिया बेकर-बेंडर आणि ह्वाजोंग किम यांनी काढलेली युक्ती अशी: लाप्लासियनसाठी पीळ ट न घेता र·ट घ्या, आणि र सोयीचा निवडा.

ड + र·ट/४ = घ + (र−१)ट/४, आणि र·ट च्या पिळाचा पूर्ण डिरॅक ऑपरेटर ड + ३र·ट/४ = घ + (३र−१)ट/४. दोन्हींच्या वर्गांत घट + टघ असं एक नको असलेलं पद येतं. ल(र) मधून १/न हिस्सा वाचवताना हे पद दोन्ही बाजूंनी सारखंच येऊन कटावं, यासाठी

न(र−१) = ३र−१, म्हणजे र = (न−१)/(न−३)

चार मितींत र = ३, पाचात २, सहात ५/३; मिती वाढत गेली की १ कडे सरकतो. तीन मितींत समीकरण −३ = −१ असं होतं, म्हणजे उत्तरच नाही. म्हणून ही पद्धत चार मितींपासून पुढे. (तीन मितींचं काम आपण नेमकं करूनच टाकलंय, त्यामुळे हळहळ नको.)

उरलेली बेरीज-वजाबाकी तुमच्यावर सोडतो. ∂ट च्या जागी ‖ट‖² − ट² घाला, ट² ची पदं एकत्र करा, शेवटी न/(न−१) ने गुणा. यायला हवं ते:

क ≥ न·स/४(न−१) + [न(न−५)/८(न−३)²]·‖ट‖² + [न(४−न)/४(न−३)²]·(म² ची कमाल किंमत)

न = ४ घातलं की शेवटचं पद गळतं आणि ‖ट‖² चा गुणक −१/२ येतो; न = ५ ला मधलं पद गळतं. तुमच्या कागदावर हे दोन्ही घडलं तर हिशोब बरोबर.

पायरी ७: दोन उदाहरणं, दोन वेगळे निकाल

पाच मितींचं सासाकी मॅनिफोल्ड. पीळ ट = २(इ१इ२ + इ३इ४)इ५. ‖ट‖² = ४ + ४ = ८. चार घटकांच्या स्पिनरवर ट ची आयगेनमूल्यं ४, −४, ०, ० (पाउली मॅट्रिक्सांचे टेन्सर गुणाकार घेऊन पायथनच्या नमपाय लायब्ररीवर पाच मिनिटांत तपासता येतं). सरसकट मर्यादा: स/४ + १ − ४ = स/४ − ३. पायरी ६ ची (हिला 'ट्विस्टरची' मर्यादा म्हणतात): ५स/१६ − ५. एकक पंचमितीय गोलावर स = २०; पहिली देते २, दुसरी १.२५. नव्या सूत्राने उत्तर बिघडलं! दुसरी वरचढ ठरते ती स ३२ च्या पुढे गेल्यावरच. म्हणून दोन्ही काढायच्या आणि मोठी ठेवायची. सासाकीची जादा रचना वापरून २००८ च्याच लेखात अधिक घट्ट मर्यादा मिळते, (१/१६)(१ + स/४)², जोवर स हा −४ ते ४(९ + ४√५) च्या दरम्यान आहे. २० ला ती २.२५ देते. सरसकट सूत्र जागेचं सगळं काही ओळखत नाही, ट ची आयगेनमूल्यं तेवढी ओळखतं.

सहा मितींचा गोल, निअरली केलर रचनेसह. स = ३०, ‖ट‖² = ४, ट ची आयगेनमूल्यं ०, ४, −४. सरसकट: ७.५ + ०.५ − ४ = ४. ट्विस्टरची: ९ + १/३ − १६/३ = ४. दोन्ही सारख्या. आणि खरं मूल्यही तेच, कारण इथले काही किलिंग स्पिनर पिळाच्या कनेक्शनसाठी समांतर आहेत; त्यांवर ड देतो ±३ आणि ट/४ उलट चिन्हाचा १, म्हणून घ = ±२.

अडलात तर कुठे बघायचं

मर्यादा खऱ्या मूल्याच्या वर निघाली तर आधी ‖ट‖² तपासा, सहाचा घोळ असतो. उत्तर चौपट किंवा पाव निघालं तर लेखकाची पिळाची चाल बघा: काही जण ट/२ मिळवतात, काही जण चार-पट मापात एक पॅरामीटर घेऊन त्याची किंमत १/४ ठेवतात, भौतिकीवाल्यांचा पिळाचा थ्री-फॉर्म एच अर्ध्यासह येतो. ट चं चिन्ह उलटलं तर समांतर पिळाच्या मर्यादेत काही बदलत नाही, कारण तिथे ट² च आहे. पण त्रिमितीय गोलावर नेमकी आयगेनमूल्यं काढताना घ ची सगळी यादी आरशातल्यासारखी उलटते. आणि घ² च्या मर्यादेला घ ची समजून वर्गमूळ विसरणं, हे तर परिसंवादात फळ्यासमोरही होतं.

एक वाट जाता-जाता दाखवतो, ती आपल्या जवळून जाते. ग्रुपवर आणि समजातीय अवकाशावर घ² हा थेट कॅझिमिर ऑपरेटर (गटाच्या सगळ्या क्रियांशी अदलाबदल करणारा दुसऱ्या दर्जाचा ऑपरेटर) अधिक एक स्थिरांक निघतो, मग मर्यादेची गरजच राहत नाही, प्रतिनिधित्वांच्या यादीवरून सगळी आयगेनमूल्यं वाचता येतात. कोस्टंटचं १९९९ चं घन डिरॅक ऑपरेटरवरचं काम यासाठी प्रसिद्ध आहे. पण सममित अवकाशांवर, जिथे घन पद आपोआप नाहीसं होतं, डिरॅकच्या वर्गाचं हे कॅझिमिर सूत्र आर. पार्थसारथी यांनी १९७२ मध्ये डिस्क्रीट सिरीजवरच्या (गटांच्या एका खास प्रकारच्या प्रतिनिधित्वांवरच्या) कामात दिलं होतं, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना. कुलाब्याच्या टोकाला झालेलं हे काम आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत त्यांच्या नावाने आहे. गटसिद्धान्त आवडत असेल तर पायरी ४ झाल्यावर सरळ तिकडे वळा.

नाही तर हा सराव घ्या. सात मितींचा एकक गोल, निअरली पॅरलल जी-टू रचना. स = ४२. ट = (२/३) गुणिले जी-टू चा प्रमाण थ्री-फॉर्म; त्या थ्री-फॉर्मच्या लांबीचा वर्ग ७, आणि आठ घटकांच्या स्पिनरवर त्याची आयगेनमूल्यं −७ एकदा, १ सात वेळा. ‖ट‖² आणि म² ची कमाल किंमत काढा, पायरी ५ आणि पायरी ६ ची दोन्ही सूत्रं चालवा. मग समांतर होणाऱ्या किलिंग स्पिनरवर ड = ७/२ घेऊन घ थेट काढा आणि वर्ग करा. तिन्ही वाटांनी ४९/९ यायला हवं. पहिल्या दोन वाटा जुळल्या आणि तिसरीच वेगळी आली, तर थेट काढताना ट/४ चं चिन्ह चुकलंय.